अस्मानी म्हणायचे की सुलतानी

एक शब्द पुसायला अख्खा कायदा करावा लागतो, हे सहसा कुणाला खरे वाटणार नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६३ साली तो केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्द काढायचा आणि त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, असे वाचायचे, एवढ्यापुरताच हा कायदा. त्यामागची भूमिका अशी की शासनाची पीकपाण्यावर सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, तेव्हा फॅमिनपर्यंत पाळी येणारच नाही. पुढे नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ उजाडला. अर्थात शब्द उगाच काढलेला नव्हता. ब्रिटिशकालीन फॅमिन कोडांत त्याला वजन होते. तो एकदा सरकारदरबारी उच्चारला गेला की कामे काढणे, कष्ट न होणाऱ्यांना फुकट धान्य देणे, सारा तहकूब करणे हे सगळे सरकारच्या अंगावर येई. ज्याच्या नावाने हा खटाटोप चालला होता त्या शेतकऱ्याला मात्र या बदलाचा पत्ताही लागला नसेल. त्याच्या बोलीत पाऊस न पडणे आणि पोटाला न मिळणे या दोन्हींना दुष्काळ हा एकच शब्द पुरतो. बारीक भेद करण्याची गरज फक्त कागदाला होती.

हवामानबदलावर राज्यकर्ते कसे बोलतात, या विषयाची प्रस्तावना साठ वर्षांपूर्वीच्या या कायद्यापासून सुरू करण्याला कारण आहे. पुढची भाषणे, करारनामे आणि घोषणा वाचताना वाचकाला वाटेल की हे सगळे हवेविषयी, बर्फाविषयी, अंशांविषयी चालले आहे. माझे म्हणणे असे की त्यातला बराच भाग देण्याघेण्याविषयी आहे. कुणी किती द्यायचे, कधीपर्यंत द्यायचे आणि दिले नाही तर ते कुणाच्या नावावर मांडायचे. मराठीत या हिशेबासाठी एक जुनी जोडी तयारच आहे: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळते ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून येते ते सुलतानी. अस्मानीपुढे माणूस हात जोडतो, सुलतानीविरुद्ध निदान दाद मागता येते. हवामानबदलाने ही जोडीच मोडली. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. ती तापली कोळशाच्या आणि तेलाच्या धुराने. आणि धूर कुणी, किती, किती वर्षे सोडला याची आकडेवारी आहे. म्हणजे आजच्या अस्मानीत सुलतानी मिसळलेली आहे. राजकीय भाषेची सगळी कसरत ही मिसळ पुन्हा वेगळी करून जमेल तेवढे आभाळाच्या पदरात टाकण्याची असते.

नावापासूनच सुरुवात करता येईल. धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत, २००२ च्या सुमारास, फ्रँक लुंट्झ या जनमत-सल्लागाराने रिपब्लिकन पक्षासाठी एक टिपण लिहिले. ‘ग्लोबल वॉर्मिंग’पेक्षा ‘क्लायमेट चेंज’ हा शब्द कमी भीतीदायक आहे, तोच वापरा. आणि शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही हा मुद्दा लावून धरा, असा त्याचा सल्ला होता. क्लायमेट चेंज ही संज्ञा लुंट्झची निर्मिती असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या आयपीसीसीच्या (इंटरगव्हर्नमेंटल पॅनेल ऑन क्लायमेट चेंज) नावातच ती आहे आणि शास्त्रीयदृष्ट्या ती अधिक व्यापक आहे. पण एकच नाणे शास्त्रज्ञ एका कामासाठी काढतो आणि राजकारणी दुसऱ्या कामासाठी चालवतो, ही या विषयातली नेहमीची गोष्ट. (मराठीत तर ‘हवामानबदल’ ऐकून महाबळेश्वरला हवापालटासाठी निघाल्यासारखे वाटते, ‘तापमानवाढ’ या शब्दात निदान घाम आहे.) पुढे २०१९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीपुढे लुंट्झने आपली चूक झाल्याची कबुली दिली. तोवर त्या चुकीला सतरा वर्षांचे व्याज चढले होते.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो. शब्दांचा कीस काढून काय होणार? धूर शब्दांनी वाढत नाही आणि शब्दांनी कमीही होत नाही. बघायचे ते कृतीकडे. आक्षेप वरवर रास्त आहे. पण १२ डिसेंबर २०१५ ची पॅरिसमधली संध्याकाळ आठवा. दोन आठवड्यांच्या वाटाघाटी संपल्या, करार मंजुरीला तयार झाला आणि कलम ४ मधला एक शब्द दिसताच अमेरिकी शिष्टमंडळ थबकले. विकसित देश उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घेत ‘राहतील’, असे बंधनकारक ‘शॅल’ त्या वाक्यात छापले गेले होते. अमेरिकेला हवे होते ‘शुड’, म्हणजे घेत ‘राहावेत’. मराठी व्याकरणात हा निव्वळ विध्यर्थाचा फरक आहे; शाळेत दोन गुणांना विचारतात. अमेरिकेत मात्र ‘शॅल’ राहिले असते तर करार सिनेटपुढे जाऊन तिथे दोन-तृतीयांश मते मिळवावी लागली असती, आणि ती मिळणार नव्हती. शेवटी ही मजकुरातली तांत्रिक चूक असल्याचे ठरवले गेले, इतर किरकोळ दुरुस्त्यांबरोबर ती वाचून दाखवली गेली आणि परिषदेचे अध्यक्ष लोरां फाबियुस यांनी हातोडी आपटली. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा हवामानकरार एका क्रियापदाच्या रूपावर अडला आणि त्यावरच सुटला. कृती कुणी करायची आणि न केल्यास जाब कोण विचारणार, हे त्या रूपाने ठरवले.

यावर मुत्सद्दी मंडळींचे उत्तर असे की संदिग्धता ही मोठ्या कराराची किंमतच असते. जवळजवळ दोनशे देशांना एका कागदावर आणायचे तर शब्द सैल ठेवावेच लागतात. हे मला मान्य आहे. ‘शॅल’चा हट्ट धरला असता तर पॅरिसमध्ये करार झाला नसता. फक्त किंमत मोजली हे सांगताना ती कुणाच्या खिशातून गेली, हेही सांगावे. सैल शब्दाचा फायदा ज्याला द्यायचे असते त्याला होतो. ज्याला घ्यायचे असते त्याचा तोटा होतो. ज्यांना असा तोटा परवडतच नाही, त्यांची भाषा ऐकली की फरक लगेच कळतो. मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी २००९ साली मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या पाण्याखाली घेतली; तुवालूचे मंत्री सायमन कोफे २०२१ मध्ये गुडघाभर पाण्यात उभे राहून जगाशी बोलले. हा देखावा होता, यात शंका नाही. पण सैल क्रियापदाआड लपायला त्यांच्याकडे कोरडी जागा उरलेली नव्हती.

ग्लासगोच्या हवामान परिषदेची कथा भारतीय वाचकाला जास्त जवळची, आणि जास्त अडचणीची. नोव्हेंबर २०२१ मध्ये मसुद्यात कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करण्याच्या प्रयत्नांना वेग द्यावा असे होते. अगदी शेवटच्या घटकेला भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी ‘बंद’च्या जागी ‘कमी’ सुचवले. ‘फेज आउट’चे ‘फेज डाउन’ झाले. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा माफी मागताना कंठ दाटून आला आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांनी भारताला खलनायक ठरवले. हे अन्यायाचे होते. ‘फेज डाउन’ हा शब्द त्याआधी तीनच दिवस अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात येऊन गेला होता. शिवाय त्या वाक्यात कोळसा होता. तेल आणि वायू नव्हते. ज्यांची चूल कोळशावर चालते त्यांना तारीख विचारायची आणि ज्यांच्या मोटारी तेलावर चालतात त्यांचे नावही घ्यायचे नाही, ही त्या वाक्याची रचना. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेचे १४ टनांच्या आसपास. १९७२ मध्ये स्टॉकहोमला इंदिरा गांधींनी, दारिद्र्य आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नाहीत का, असे विचारले. तेव्हापासून भारत हा मुद्दा मांडतो आहे आणि तो खरा आहे. पुढच्या वर्षी शर्म-अल-शेखला भारताने सगळ्याच जीवाश्म इंधनांना ‘फेज डाउन’ लावा म्हटले, तेव्हा ते ऐकले गेले नाही. २०२३ मध्ये दुबईत जीवाश्म इंधनांपासून ‘दूर संक्रमण’ असा मराठीत धड उतरतही नाही असा शब्दप्रयोग निघाला; परिषदेचे अध्यक्ष स्वतः अबुधाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीचे प्रमुख होते. आणि २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला जो अंतिम निर्णय झाला त्यात जीवाश्म इंधनांचा उल्लेखच आला नाही. ‘फॅमिन’ पुसायला आपल्याला कायदा तरी करावा लागला होता.

तरीही भारताची बाजू बाहेर रास्त आहे म्हणून घरात वापरल्या जाणाऱ्या भाषेची तपासणी टाळता येत नाही. त्याच ग्लासगोत पंतप्रधान मोदींनी पाच उद्दिष्टे जाहीर केली आणि त्यांना ‘पंचामृत’ हे नाव दिले. नाव मोठे चतुर. पूजेच्या ताटातल्या दूध, दही, तूप, मध, साखरेचे प्रमाण कुणी मोजत नाही. तीर्थ म्हणून हातावर घ्यायचे आणि डोक्याला पुसायचे. पण पाचांपैकी एका उद्दिष्टाचे पुढे काय झाले ते मोजून पाहण्यासारखे आहे. भाषणात होते, २०३० पर्यंत भारत आपल्या ५० टक्के ‘ऊर्जेच्या गरजा’ ‘अक्षय’ ऊर्जेतून भागवील. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे जी लेखी बांधिलकी पाठवायची होती तिच्यात आले, विजेच्या ‘स्थापित क्षमते’पैकी सुमारे ५० टक्के वाटा ‘बिगर-जीवाश्म’ स्रोतांचा असेल, आणि तोही तंत्रज्ञान व स्वस्त परकीय कर्ज मिळाल्यास. ऊर्जेची वीज झाली, म्हणजे कारखान्यातला कोळसा आणि ट्रकमधले डिझेल बाहेर गेले. गरजेची क्षमता झाली. अक्षयचे बिगर-जीवाश्म झाले, म्हणजे अणुऊर्जाही आत आली. चाळीस माणसांचा स्वयंपाक होईल एवढी भांडी घरात आहेत म्हणून चाळीस माणसे जेवून गेली असे होत नाही. सौर पॅनल रात्री झाकलेल्या भांड्यासारखे असते. २०२५ च्या जुलैमध्ये हे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठल्याची घोषणा झाली. ती खरी होती, आणि भारताने उभारलेली सौर क्षमता ही खरोखरच मोठी कामगिरी आहे. त्याच काळात देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग कोळशाचा होता, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, कारण मधल्या मधे नाम बदलले गेले. राजकीय भाषा खोटे बोलते अशी आपली तक्रार असते. इथे ती खोटे बोललीच नाही, आणि म्हणून तिला पकडणे कठीण.

मराठी वाचकाकडे या तपासणीसाठी एक हत्यार आहे, जे हिंदीत नाही आणि इंग्रजीतही नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. मराठी नेत्याचे पर्यावरण दिनाचे कोणतेही भाषण घ्या. योजना ‘आम्ही’ आणलेली असते, झाडे ‘आम्ही’ लावलेली असतात. पाणी मात्र ‘आपण’ जपून वापरायचे असते आणि प्लास्टिकची पिशवी ‘आपण’ नाकारायची असते. श्रेय येते तिथे ऐकणारा वगळला जातो, भार येतो तिथे आत घेतला जातो. हिंदी-इंग्रजीत हा सांधा दिसत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये शिक्षकदिनी एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना पंतप्रधानांनी, हवामान बदललेले नाही, बदललो ते आपण, आपल्या सवयी, अशा आशयाचे विधान केले. त्याच वर्षी त्यांच्या सरकारने पर्यावरण मंत्रालयाच्या नावात ‘हवामान बदल’ घातलेले होते. यात विज्ञान नाकारण्यापेक्षा साधी राहणी शिकवण्याचा हेतू जास्त होता, असे उदारपणे म्हणता येईल. पण हाच धागा पुढे ‘लाइफ’ या जीवनशैली-अभियानापर्यंत जातो, आणि त्यातला ‘आपण’ वीजकेंद्राचा मालक आणि एका पंख्याखाली झोपणारे पाच जण यांना एकाच रांगेत उभे करतो. जागतिक मंचावर भारत नेमकी हीच चूक श्रीमंत देशांना दाखवून देतो. ‘सामाईक परंतु भिन्न जबाबदारी’ हे १९९२ पासूनचे तत्त्व म्हणजे ‘आपण’ची फोड करून मागणेच होय. देशाच्या सीमेच्या आत ती फोड कुणी मागितलेली चालत नाही.

राज्याच्या पातळीवर भाषा आणखी बारीक काम करते, आणि तिचा सगळ्यात लाडका अवयव म्हणजे ‘सदृश’. २०१८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ. त्याआधी २०१६ च्या मे महिन्यात, प्रकरण उच्च न्यायालयात असताना, सरकारने २९ हजारांहून अधिक गावांच्या बाबतीत ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे म्हणून सांगितले होते. म्हणजे तीन अक्षरे पुसायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आता हेच ‘सदृश’ पावसात पाहा. हवामान खाते ढगफुटी म्हणते ती तासाभरात, वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत, १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर. तेवढा मोजला गेला नसला तरी गटारे तुंबली की निवेदन येते, ‘ढगफुटीसदृश पाऊस’. दुष्काळात ‘सदृश’ संकट लहान करते, कारण तिथे पैसे द्यायचे असतात. पुरात तेच ‘सदृश’ संकट मोठे करते, कारण तिथे जाब द्यायचा असतो. प्रत्यय एक, दिशा दोन, सोय एकाचीच. आणि ज्या संकटाला कागदावर नावच नाही त्याचे काय, हे २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेल्यावर दिसले. ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ या मागणीला उत्तर मिळाले की नियमावलीत अशी संज्ञा नाही. दुष्काळात मिळतात त्या सवलती मात्र देऊ. मदतीचे मोठे पॅकेज निघाले, हे नोंदवायला हवे. पण पॅकेज ही मर्जी असते, संज्ञा हा हक्क असतो. शेतकरी शब्दासाठी भांडत होता तो भाषेच्या प्रेमापोटी नव्हे.

या निवेदनांचे व्याकरणही एकसारखे असते. पंचनामे करण्याचे निर्देश देण्यात आले आहेत. उपाययोजना करण्यात येत आहेत. दोषींवर कारवाई करण्यात येईल. या वाक्यांत सगळे काही आहे, फक्त कर्ता नाही, आणि तारीख नाही. असे लिहिण्याला सरकारी भाषेचा रूक्षपणा म्हणून हसण्यावारी नेतात. पण सरकारी मराठीला कर्ता आणि तारीख वर्ज्य आहे, असे नाही. १९७२ च्याच दुष्काळातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेच्या नावातच ‘हमी’ हा शब्द होता, आणि १९७७ च्या कायद्याने त्या शब्दाला पाय दिले: मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर भत्ता. इथे कर्ता आहे, मुदत आहे, चुकल्यास दंड आहे. जे राज्य शब्द पुसायला कायदा करते तेच राज्य शब्द पाळायलाही कायदा करू शकते.

अलीकडे मात्र या भाषेने एक नवे वळण घेतले आहे आणि मला ते नकारापेक्षा जास्त काळजीचे वाटते. हवामानबदल नाही म्हणणारे नेते आपल्याकडे जवळजवळ उरलेले नाहीत. ट्रम्प यांनी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याला जगातली सर्वांत मोठी फसवणूक म्हटले. तसे बोलणे इथे कुणाला परवडणार नाही. इथे उलटे होते. हवामानबदल लगेच मान्य केला जातो, कारण मान्य करण्यात सोय आहे. पूल वाहून गेला, हवामानबदल. शहर बुडाले, हवामानबदल. ज्या गोष्टीने अस्मानीतली सुलतानी उघडी पाडली तीच आता नवी अस्मानी होऊन बसली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा मुंबईने इतका पाठ केला की त्यामागे दुसरे आकडे झाकले गेले: त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नव्हता, शहराची पर्जन्यवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटरसाठी बांधलेली होती, ती वाढवण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून पडून होता. ९४४ अस्मानी, बाकीचे सगळे सुलतानी. यावर कुणी म्हणेल, मग शास्त्रज्ञही हवामानबदलाला दोष देतातच की. देतात, पण मोजून देतात. जुलै २०२४ च्या वायनाडच्या भूस्खलनानंतर वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाने काढलेला निष्कर्ष असा की तापमानवाढीमुळे तिथला पाऊस सुमारे १० टक्क्यांनी जास्त जोरदार झाला. एवढा नेमका आकडा हाती असताना ‘हवामानबदलामुळे झाले’ एवढेच बोलून थांबणे म्हणजे त्या १० टक्क्यांच्या आड डोंगर, रस्ता, खाण आणि परवानगीचा कागद लपवणे.

परवानगीच्या कागदावरून शेवटी एका शब्दाची नोंद करतो: ‘मसुदा’. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल देऊन सबंध पश्चिम घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानावा असे सुचवले. तो जड गेला, म्हणून कस्तुरीरंगन गट नेमला. त्याने २०१३ मध्ये हे क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. त्यावर आधारित पहिली मसुदा-अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. त्याच वर्षी ३० जुलैला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेवर माणसे गेली. मसुद्याची मुदत संपत राहिली, नवा मसुदा निघत राहिला. महाराष्ट्र आणि गोव्यासह घाटातल्या राज्यांच्या हरकती येत राहिल्या. ३० जुलै २०२४ ला, माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, वायनाडवर डोंगर आला. ३१ जुलैला केंद्राने पश्चिम घाटाची सहावी अधिसूचना काढली. तीही मसुदाच होती, आणि हरकती व सूचनांसाठी ६० दिवस देण्यात आले होते.